बैलासारखी विकलेली मोटार

मूल, जिल्हा चांदा

गुरुवार, २४ नोव्हेंबर १९५५

आठ दिवसांनी आज बातमी सापडली. हायस्कुलात मी संस्कृत शिकवतो, पण तिथे माझे कोणी ऐकत नाही. म्हणून बारा वर्षे नागपूरच्या दैनिकाला बातम्या धाडतो आहे. तिथेही कोणी ऐकत नाही, पण छापतात.

पत्रूच्या हॉटेलात कळले की काल दिवेलागणीला कोसंबीचा कोतवाल कोलू मोटारीखाली आला. दर आठवड्याला गावातल्या जन्ममृत्यूची नोंद घेऊन तो इथल्या ठाण्यावर येतो, तसाच येत होता. पाय मोडला. मोटारवाल्यानेच उचलून चांद्याच्या दवाखान्यात नेले.

"कसा चालत होता तो?" मी पत्रूला विचारले.

"डुलत डुलत चालत होता म्हणतेत जी."

"रस्त्याच्या मधोमध?"

"आता डुलनारा मानूस मधातच येते न, गुरुजी."

"मोटार कोणाची?"

पत्रूने कपबशी पुसता पुसता माझ्याकडे निरखून पाहिले. "तुमाले नाई मालूम?"

"मला कसे मालूम असणार?"

"मंग मलेबी नाई मालूम," तो म्हणाला, आणि न सांगता आणखी एक कप पुढे ठेवला. त्याचे पैसे घेतले नाहीत. पत्रू फुकट चहा पाजतो, ही खरे तर वेगळी बातमी आहे.

पाठवलेल्या मजकुराची नक्कल: "काल सायंकाळी कोसंबी रस्त्यावर एका जुनाट मोटारीची व कोसंबीच्या कोतवालाची टक्कर झाली. कोतवालसाहेब मोहफुलांच्या प्रसादाने रस्त्याच्या मधोमध डुलत चालले होते असे खात्रीलायक समजते. मोटारीस दिवा नव्हता, इसमास शुद्ध नव्हती. अशा दोन अंधांची भेट एक दिवस व्हायचीच होती. कोतवालसाहेब सध्या एका पायाने सरकारी पाहुणचार घेत आहेत. जन्ममृत्यूचे दप्तर वाहणाऱ्यानेच दोहोंच्या सीमेवर जाऊन यावे, हा योग विरळाच."

शेवटचे वाक्य सुचले तेव्हा स्वतःशीच हसलो.

रविवार, २७ नोव्हेंबर

छापून आली, अख्खी. एक अक्षर कापले नाही. वर चौकट, चौकटीत "दोन अंधांची भेट" हा मथळा. हेडमास्तर शाळेच्या दारात भेटले तेव्हा म्हणाले, "शास्त्रीबुवा, लेखणी आहे तुमची." बारा वर्षांत पहिल्यांदा.

वच्छलेला वाचून दाखवली. ती भाजी निवडत होती. "पाय मोडला ना हो त्याचा?" एवढेच म्हणाली. काव्यशास्त्रात अरसिकांपुढे कवित्व करावे लागणे हा मोठा शाप मानला आहे. माझा तर त्या शापाशी विवाह झाला आहे.

मंगळवार, २९ नोव्हेंबर

नागपूरच्या मोटार खात्याचा खाकी लिफाफा आला. इंग्रजीत. इंग्रजी वाक्य मी संस्कृतासारखे वाचतो, म्हणजे आधी क्रियापद शोधायचे, मग कर्ता, मग कर्म. इथे क्रियापद सातव्या ओळीत सापडले: खटला भरण्यात येईल. कर्ता शोधला, ते सरकार निघाले. कर्म शोधले, तो मी निघालो.

अर्थ असा: माझ्या नावावर असलेल्या मोटारीचा विमा ३० जून १९५३ रोजी संपला. त्यानंतर विम्याचा दाखला आलेला नाही. दोनदा लिहूनही मी उत्तर दिलेले नाही. पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत दाखला दाखवावा, नाहीतर खटला, आणि त्यात तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही.

आधी हसू आले. ती मोटार माझी नाहीच. एका गोऱ्या जंगलसाहेबाने जाताना मोडीत काढलेली ती मोटार मी हौसेने घेतली, चार वर्षे ढकलली, आणि दोन वर्षांपूर्वी वैशाखात मुखरूला विकली. मुखरू ढिवर. लढाईत आसामकडे फौजेचे ट्रक हाकलेला माणूस. तलावावरची मासळी मोटारीने स्टेशनवर पोचवायची ही त्याची कल्पना. विक्री झाली ती बैलबाजारात, कारण तो तिथेच भेटला. बैलांचा दलाल उमाजी म्हणाला, रीतीनं करा. रीत अशी की विकणाऱ्याने बैलाचे दावे घेणाऱ्याच्या हातात द्यायचे, जनावराच्या पाठीवर थाप मारायची आणि मागे न पाहता चालू लागायचे. मोटारीला दावे कुठले? उमाजीने एक आणून पुढच्या लोखंडी पट्टीला बांधले. मी ते मुखरूच्या हातात दिले, बॉनेटवर थाप मारली, आणि खरोखर मागे पाहिले नाही. मुखरूने विचारले होते, "गुरुजी, कागद नाई लागत का जी?" मी भर बाजारात म्हणालो, "खानझोड्यांचा शब्द हाच कागद." लोकांनी माना डोलावल्या होत्या. तेव्हा फार बरे वाटले होते.

मग आधीच्या दोन पत्रांची आठवण झाली आणि हसू गेले. सरकारी कागद जाड असतो, एका बाजूने कोरा असतो. बातम्या मी अशा पाठकोऱ्या कागदांवरच लिहितो. सरकारने मला दोनदा ताकीद दिली, आणि दोन्ही वेळा मी तिच्या पाठीवर बातमी लिहून ती संपादकांकडे पाठवून दिली.

संध्याकाळी मुखरू आला. टॉवेलात शिंगाडे बांधून आणलेले. ओसरीच्या पायरीवर बसला आणि टॉवेलाची गाठ सोडू लागला.

"गुरुजी, तुमचे उपकार झाले," म्हणाला.

"कसले?"

"पेपरात माहं नाव नाई घातलं तुमी. मले त वाटलं होतं, आता गेलो."

तेव्हा मला कळले. पत्रूने चहाचे पैसे का घेतले नाहीत, तेही कळले. विचारू नये ते विचारले, "मुखरू, ती मोटार कोणाची म्हणतात रे लोक?"

"लोक त खानझोडे गुरुजीची मोटार म्हनतेत. कितीबी सांगा, तेच म्हनतेत."

बुधवार, ३० नोव्हेंबर

तीन महिने कैद. कैद झालेल्या मास्तराला शाळा ठेवत नाही. वय एकावन्न. या वयात चांद्याच्या तुरुंगात कोणाला रूपे पाठ करायला लावू?

वर्गात आज फळ्यावर लिहिता लिहिता थांबलो आणि पुढचा शब्द आठवेना. मुले गप्प बसली. ती गप्प बसली याचीच जास्त भीती वाटली.

शनिवार, ३ डिसेंबर

चांद्याला गुणवंतराव वकिलांकडे गेलो. ओळख जुनी आहे. त्यांच्या मुलाला मी संस्कृतात दोनदा नापास केला होता, ते त्यांनी मनात ठेवलेले नाही, निदान फीमध्ये तरी.

"देखो पंडितजी," पत्र वाचून म्हणाले, "मोटार विकली ना? कागद?"

"कागद नाही. दावे दिले."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "दावं कोर्टात लावता येत नाही. अन समजा मानलंच कोर्टानं, तर मुखरू मालकही झाला अन ड्रायव्हरही. विमा नाही, दिवा नाही, माणसाचा पाय मोडलेला. तुम्ही सुटता, तो आत जातो."

"दुसरे काही?"

"दुसरं तर तुमच्याच हातचं आहे." टेबलाच्या खणातून त्यांनी कात्रण काढले, चौकटीतले. "मी त हसून हसून घरात वाचून दाखवलं. आता पाहा. कोतवाल पिऊन रस्त्याच्या मधोमध. म्हणजे दोष कोणाचा? त्याचा. धक्क्याची फाईल बंद. उरला विमा. तुम्ही कबूल करा, मोटार माझीच, विमा विसरलो, मुखरू नुसता ड्रायव्हर. शास्त्री माणूस म्हणून कोर्ट हसेल अन थोडा दंड करून सोडेल. नोकरी राहते, मुखरूही सुटते."

"आणि कोतवाल?"

"कोतवालाचं काय? तो तसाही पडलेलाच आहे. फक्त एक करा, ही बातमी जशी आहे तशी राहू द्या. विचारलं कोणी तर खात्रीलायक सूत्राकडून कळलं म्हणा."

"सूत्र म्हणजे पत्रू हॉटेलवाला."

"मग पत्रू खात्रीलायक आहे."

बाहेर पडलो तेव्हा पाठीवरचे ओझे उतरल्यासारखे वाटले. दवाखाना वकिलांच्या घरापासून पन्नास पावलांवर आहे. जावे असे मनात आले होते, पण गाडी चुकली असती. पुढे गाडीच दोन तास उशिरा आली. ते आधी कसे कळणार?

सोमवार, ५ डिसेंबर

वच्छला विचारते, त्या माणसाला भेटलात का. सांगितले, वेळ मिळाला नाही. ती म्हणाली, "दोन तास फलाटावर बसला होतात ना." बायकोला सर्व हकीगत सांगू नये, हे कोणत्या तरी स्मृतीत असायला हवे होते.

गुणवंतरावांच्या मार्गात मला दोष सापडत नाही. पुन्हा पुन्हा शोधतो आणि सापडत नाही. अन्न मात्र जात नाही. पत्र मिळून सहा दिवस झाले, नऊ उरले.

बुधवार, ७ डिसेंबर

मुखरूला बोलावून सांगितले की मोटार माझी म्हणून लिहून देणार आहे. तू नुसता ड्रायव्हर. तुला काही होणार नाही.

वाटले होते, पाया पडेल. तो उभाच राहिला.

"मंग दोन वर्सं मी कोनाची मोटार चालवून राह्यलो?"

"कागदावर माझी."

"कागद त नाईच म्हनलं होतं तुमी. साऱ्या बाजारापुढं दावं देल्लं माह्या हातात. मायनं जाळं इकलं त्या मोटारीसाठी. आता दावं वापस घेता का जी?"

"अरे, तुझ्याच भल्यासाठी."

"आमच्यात दावं वापस घेनाऱ्याच्या दारात कोनी जनावर बांधत नाई, गुरुजी." रागाने बोलला नाही. जी गोष्ट मला ठाऊक असायला हवी होती ती समजावून सांगावी, तसा बोलला. मग खाली बसला. "अन जेल होईन त होईन. दिवा माहाच बंद होता. रोज सांजेले दवाखान्यात जाऊन राह्यलो मी. त्याच्या बायकोले भात नेऊन देतो. तो पेत नाई जी, गुरुजी. थेंब नाई. काठाकाठानं चालला होता बिचारा, मीच..."

मी त्याला मध्येच थांबवले. "हे कोणाजवळ बोलू नकोस."

"तुमच्याजवळबी नाई?"

"माझ्याजवळ तर मुळीच नको."

तो उठला. जाताना दाराशी म्हणाला, "मंग कोनाजवळ बोलू?"

लोकांना कायदा समजत नाही.

गुरुवार, ८ डिसेंबर

शाळेत गेलो नाही. अंगात कणकण आहे असे कळवले. कणकण नाही.

शनिवार, १० डिसेंबर

सकाळी वच्छला लुगडे बदलून, पिशवीत चार भाकरी घेऊन उभी. "मी चांद्याला जाते," म्हणाली. "तुम्हाला वेळ नाही, मला आहे." मग मलाही जावे लागले. बायकोला एकटी पाठवली तर गावात काय म्हणतील, हे मी वाटभर स्वतःला सांगत होतो.

कोलू भिंतीकडच्या खाटेवर होता. माझ्याच वयाचा असावा. पाय फळ्यांत बांधून वर टांगलेला. उशाशी कोतवालकीचा पट्टा, पितळी बिल्ला वरच्या बाजूला येईल असा घडी घालून ठेवलेला. खाली त्याची बायको गुणाबाई बसली होती. तिने मला ओळखले.

"पेपरवाले गुरुजी न जी तुमी? बरं झालं देवा. कवापासून वाचनारा पाहून राह्यलो. पाटलानं कागद धाडला, इथी कोनाले फुरसत नाई."

कागद तहसिलीचा. मी उभ्यानेच मोठ्याने वाचू लागलो. वाचायची सवयच मोठ्याने. "नागपूरच्या दैनिकात दिनांक २७ रोजी प्रसिद्ध झालेल्या वृत्तावरून असे दिसते की, तुम्ही सरकारी दप्तर घेऊन जात असताना 'मोहफुलांच्या प्रसादाने रस्त्याच्या मधोमध डुलत' होता. सबब तुम्हांस कोतवालकीवरून दूर का करण्यात येऊ नये, याचा खुलासा दिनांक २० पर्यंत..."

अवतरणचिन्हांच्या आतले शब्द माझे होते. मला ते पाठ होते.

"मोहफुलं?" कोलू म्हणाला. "दारू म्हनते का जी?"

"हो."

"मी त पेत नाई. कधीच नाई पेलो."

"डुलत म्हनते मेला," गुणाबाई म्हणाली. "ल्हानपनी काटा सडला न पायात, हा उजवा. आखूड राह्यला. जलमभर डुलूनच चालते मानूस. चांगला होता तो डावा, तोच मोडला आता. बापापासूनची कोतवालकी हाये आमची. लिहनाऱ्यानं माह्या नवऱ्याले एकदा पाह्यलं तरी होतं का जी?"

मी म्हणालो, "चौकशी करतो." वार्ताहराने जे आधी करायचे असते ते मी नंतर करण्याचे आश्वासन दिले.

वच्छला भाकरी सोडत होती. मान वर न करता म्हणाली, "बाई, ते यांनीच लिहिले आहे."

दवाखान्यात किती आवाज असतात ते मला तेव्हा ऐकू आले. गुणाबाईने माझ्याकडे पाहिले, मग हातातल्या भाकरीकडे. वाटले, ठेवून देईल. ठेवली नाही, खाल्लीही नाही, तशीच धरून बसली.

कोलू म्हणाला, "मंग बरंच झालं. ज्यानं लिहलं त्यालेच खोडता येते."

मी म्हणालो, "कोलू, मोटारही माझीच आहे." का म्हणालो ठाऊक नाही. एकदा सगळे संपावे असे वाटले असेल.

"ते त मालूम हाये," तो म्हणाला. "खानझोडे गुरुजीची मोटार."

येताना गाडीत वच्छला खिडकीबाहेर पाहत होती. मी म्हणालो, तू मला तोंडघशी पाडलेस. ती म्हणाली, "कोणीतरी सांगायला हवे होते. तुम्ही तर चौकशी करणार होतात."

रविवार, ११ डिसेंबर

दिवसभर लिहिले आणि फाडले.

तर्कशास्त्राच्या पहिल्या धड्यात डोंगरावर धूर दिसतो आणि त्यावरून अग्नी आहे असे अनुमान करतात. तिशीपासून मी तो धडा शिकवतो आहे. इथे मी धूरही पाहिला नाही. हॉटेलात बसून धूर असल्याचे ऐकले, आणि अग्नीवर विनोद केला.

खुलासा छापला की गुणवंतरावांचा मार्ग बंद. कोतवाल शुद्धीवर होता, काठाने होता, दिवा बंद होता, आणि मोटार बिनविम्याची. हे सर्व माझ्याच अक्षरात. न्यायाधीश मग कशाला हसेल? दुपारी एकदा लेखणी ठेवून दिली. वाटले, कोलूला दुसरे काही काम बघून देता येईल. शाळेत शिपायाची जागा आहे. मग आठवले, शाळेत मीच नसेन. आणि दोन्ही पायांनी अधू शिपाई घंटा द्यायला कसा चढेल? असे नाना विचार केले. मी इतका क्षुद्र विचार करू शकतो हे मला ठाऊक नव्हते. वच्छलेला असावे.

संपादकांचा नियम आहे की खुलासा चार ओळींपेक्षा मोठा छापला जात नाही. तेव्हा चारच:

"ता. २७ च्या अंकातील 'दोन अंधांची भेट' हे वृत्त चुकीचे आहे. कोसंबीचे कोतवाल कोलू यांनी मद्य घेतले नव्हते व ते रस्त्याच्या कडेने चालले होते. त्यांचा पाय लहानपणापासून अधू आहे. वार्ताहराने चौकशी न करता लिहिले. सदर मोटार वार्ताहराच्या नावावर असून तिचा विमा नाही."

नागपूरच्या मोटार खात्यालाही उत्तर लिहिले, इंग्रजीत, शब्दकोश मांडीवर घेऊन. मोटार मी वैशाख १९५३ मध्ये मुखरूला विकली, मोटार त्याची आहे. नाव बदलून देणे माझे काम होते, मी केले नाही. विम्याची पत्रे मला येत होती, त्याला नाही. ती मी वाचली नाहीत. जबाबदारी माझी. याला कायद्यात काही अर्थ आहे की नाही, मला कळत नाही. दावे मात्र परत घेतलेले नाही.

तिसरे पत्र कोलूच्या वतीने तहसिलीला. ते सोपे गेले. त्यात फक्त खरे लिहायचे होते.

मंगळवार, १३ डिसेंबर

मुखरूला सांगायला तलावावर गेलो. मोटार बाभळीखाली उभी. तो म्हणाला, "मी कालच ठान्यात जाऊन आलो जी. दिवा बंद होता म्हनून लिहून देल्लं. अंगठा नाई, सही केली." मग म्हणाला, "तुमी लिहलं का, मोटार माही म्हनून?"

"लिहिले."

"मंग ठीक हाये," तो म्हणाला. या माणसाला तुरुंगाची भीती वाटते की नाही ते मला अजून उमगलेले नाही. मला वाटते. सकाळी उठलो की पहिली तीच.

शुक्रवार, १६ डिसेंबर

तीन पत्रे एकदम.

गुणवंतरावांचे कार्ड: "आपण आपल्या हाताने मान कापून घेतली. वकिलाचा उपयोग संपला."

संपादकांचे: खुलासा छापला आहे. यापुढे मूलची बातमीपत्रे दुसरे गृहस्थ पाठवतील.

शाळेच्या मंडळाचे, शिपायाच्या हाती: खटल्याचा निकाल लागेपर्यंत घरी राहावे. हेडमास्तरांनी खाली स्वतःच्या हाताने लिहिले आहे, "वाईट वाटते."

खुलासा चौथ्या पानावर आहे, पोटाच्या गोळ्यांच्या जाहिरातीखाली, बारीक टायपात. शोधायला मलाच वेळ लागला. खटल्याची तारीख लागली ती ९ जानेवारी.

वच्छलेने सगळी पत्रे वाचली आणि नीट घडी करून ठेवली. म्हणाली, "यांच्या पाठीवर काही लिहू नका हं." हसलो. बऱ्याच दिवसांनी.

रविवार, १८ डिसेंबर

गुणाबाई सकाळी दारात. कोलूचा पट्टा तिच्या खांद्यावर होता. आठवड्याची नोंद ठाण्यावर तीच देऊन आलेली, एक जन्म आणि मृत्यू नाही.

"गुरुजी, पेपरात आलं म्हनतेत, पन गावात कोनी पाह्यलं नाई. पाटील म्हनते, मले दिसलं नाई. परवा तहसिलीचा मानूस येनार, पाटलालेच विचारन."

मी अंक घेतला आणि तिच्याबरोबर कोसंबीला चालत गेलो. दोन कोस. ती पुढे, मी मागे.

चावडीत वीसपंचवीस माणसे जमली होती. धानाची मळणी सोडून आलेली, अंगावर तूस. पाटील म्हणाले, "या गुरुजी. मागं तुमची बातमी मीच वाचून दाखवली होती इथं. हसून हसून पोट दुखलं लोकाइचं."

मी उभा राहिलो आणि चार ओळी वाचल्या. वाचून झाल्या. मला वाटले होते त्यापेक्षा फार लवकर झाल्या.

कोणी हसले नाही. कोपऱ्यात एक म्हातारा तंबाखू मळत होता. तो म्हणाला, "झालं?"

"झाले."

"मांगची मोठी होती जी. चांगली चिलीमभर चालली होती. ही येवढीशी काऊन?"

संपादकांचा नियम त्या चावडीत सांगण्यासारखा वाटला नाही.

"फिरून वाचा," म्हातारा म्हणाला.

मी पुन्हा वाचले. मागच्या बाजूने कोणी म्हणाले, "मले ऐकू नाई आलं, दारू नव्हती घेतली, ते एकडाव अजून." तिसऱ्यांदा वाचले. एव्हाना बाया दाराशी येऊन उभ्या राहिल्या होत्या, त्यांच्यासाठी चौथ्यांदा. पाटील खाली पाहत होते. 'वार्ताहराने चौकशी न करता लिहिले' या ओळीशी आवाज दर वेळी खाली जायचा, आणि दर वेळी म्हातारा हाताने खूण करायचा, मोठ्यानं.

पाचव्या वेळी अंकाकडे पाहावे लागले नाही. संपल्यावर म्हाताऱ्याने तंबाखू दाढेत धरली, गुणाबाईकडे वळला आणि विचारले, "झाली का वो बाई मांगच्या येवढी?"

गुणाबाईने खांद्यावरचा पट्टा सारखा केला.

"नाई," ती म्हणाली. "अजून एक डाव."

मी वाचले.